त्र्यंबक नावातली आई

घोटीच्या फाट्यावर सकाळी उभं राहिलं, की वैतरणेच्या बाजूनं जाणाऱ्या गाडीतून हाक येते, ‘त्रिंबक, त्रिंबक!’ गावाचं नाव म्हणून हा शब्द कानावर पडतच असतो. माणसाचं नाव म्हणून मात्र तो आजोबा-पणजोबांच्या पिढीतच राहिला. नव्या बारशाला त्र्यंबक क्वचितच ऐकू येतो.

अर्थ विचारला तर कुणीही सांगेल, तीन डोळ्यांचा तो त्र्यंबक, म्हणजे शंकर. कोशातही अंबक म्हणजे डोळा असंच दिलेलं असतं. पण हा अर्थ नंतरच्या संस्कृतातला. ऋग्वेदातल्या रुद्राला तिसरा डोळा नाही, नाव मात्र तिथं आहे, सातव्या मंडलात. ‘डोळा’ हा अर्थ या नावावरूनच मागाहून काढला गेला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

मग अंबक कुठला? अंबा म्हणजे आई. कोल्हापूरची अंबाबाई ती हीच. तीन आया असलेला तो त्र्यंबक. महाभारतात तर या तिघींची नावंही येतात: आकाश, पाणी आणि पृथ्वी. शतपथ ब्राह्मण आणखी वेगळं सांगतं. अंबिका ही रुद्राची बहीण आणि हविर्भागात तिचा वाटा; ‘स्त्री’ आणि ‘अंबिका’ मिळून त्र्यंबक. व्याकरणाला ही फोड मानवणार नाही, पण ती करणाऱ्यांना या नावात बाईमाणूस ऐकू येत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. डोळ्यांपेक्षा आईचाच अर्थ मला पटतो.

त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात वर आलेली पिंड नाहीच. उखळासारखा खळगा आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. नावातले ‘तीन’ लोक तिथंच मोजतात.

उच्चाराचीही गंमत आहे. ‘त्रि’पुढे ‘अ’ आला की ‘त्र्य’ होतो, आणि जीभ अडखळते. ऋचेच्या वृत्तात एक अक्षर कमी पडतं, म्हणून तिथं ‘त्रियंबक’ वाचावं लागतं. कालिदासानंही कुमारसंभवात तसंच लिहिलं. आपल्या माणसांनी ‘य’ सोडून दिला आणि त्रिंबक केलं. मोरोपंत पिंगळ्यांच्या वडिलांचं नाव त्रिंबक, १८१६ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून निसटलेले डेंगळे त्रिंबकजी. बालकवी ठोंबरेही त्र्यंबकच, पण टोपणनावाआड ते नाव झाकलं गेलं.

ती ऋचा म्हणजे महामृत्युंजय मंत्र. तिच्यात मागणं आहे ते काकडीचं. पिकलेलं वाळूक हात न लावता देठापासून सुटतं, तसं मरणापासून सुटू दे. वेलीखाली वाकून ज्यानं ते पाहिलं असेल, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या त्र्यंबकासाठी चव्हाट्यावर होम होत असे. घरात जितकी माणसं तितके पुरोडाश, म्हणजे आहुतीचे रोट, करायचे, आणि वर एक जास्तीचा. तो कुणाचा, तेही शतपथात सांगितलं आहे: घरात अजून जन्माला यायचंय, त्या लेकराचा.