दरबार गेल्यावर ढोल

24 मे 1966 रोजी युगांडाच्या फौजेनं कंपालातल्या मेंगो टेकडीवरच्या राजवाड्यावर हल्ला केला. हुकूम मिल्टन ओबोटे यांच्या सरकारचा होता आणि फौज इदी अमीनच्या हाताखाली होती. देशातल्या बुगांडा राज्याचा कबाका, म्हणजे राजा, दुसरा मुटेसा कसाबसा निसटला आणि तीन वर्षांनी लंडनमध्ये वारला. पुढच्याच वर्षी देशातली सगळी राज्यं खालसा झाली. आफ्रिकेच्या राजकारणावरच्या पुस्तकांत हे सगळं सविस्तर मिळतं. त्या राजवाड्यात राजाबरोबर एक आख्खं संगीतही राहत होतं, ही गोष्ट मात्र या पुस्तकांत सहसा येत नाही. हल्ल्यात वाद्यं जळाली, मोडली. वादक जीव मुठीत धरून गावोगाव पांगले. दरबारी वादक होतो हे उघडपणे सांगणंसुद्धा मग काही वर्षं धोक्याचं झालं.

पूर्व आफ्रिकेतलं पारंपरिक संगीत टिकवण्याच्या खटपटींबद्दल लिहायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. एरवी या विषयावरचं लेखन ‘आधुनिकतेच्या रेट्यात लोककला लोप पावत आहेत’ अशा सुरात जातं. बुगांडात असं हळूहळू काही घडलं नाही. तिथं आश्रय एका दिवसात तुटला. वाजवणारे होते, ऐकणारे होते, पण ज्याच्यासाठी आणि ज्या निमित्तानं वाजवायचं ते उरलं नाही.

ही व्यवस्था कशी होती ते पाहण्यासारखं आहे. दरबारी वादक बहुतेक वंशपरंपरेचे मानकरी. त्यांना राजाकडून जमिनी मिळत आणि ते पाळीपाळीनं राजवाड्यात चाकरीला येत. बासरीवाले वेगळे, तुताऱ्यांचे वेगळे, अकादिंडा नावाच्या मोठ्या काष्ठतरंगाचे वेगळे. या सगळ्यांत दुर्मीळ वाद्य एंतेंगा. उतरत्या आकाराचे पंधरा ढोल, त्यांतले बारा सुरांत लावलेले. चार वादक हे बारा ढोल वाटून घेतात आणि त्यांवर चक्क गाण्याची चाल वाजवतात. उरलेल्या तीन ढोलांवर दोघे ठेका धरतात. राजवाड्याबाहेर हे वाद्य कुणाकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून राजवाडा पडला तेव्हा एंतेंगाला पळून जायला गावही नव्हतं.

अमादिंडाचं तसं झालं नाही. हा बारा पट्ट्यांचा काष्ठतरंग दरबाराबाहेर गावांतही होता. त्याची बैठक बघण्यासारखी असते. केळीचे दोन ताजे खांब कापून जमिनीवर समांतर ठेवायचे, त्यांवर लुसांब्या नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या आडव्या मांडायच्या आणि पट्ट्या सरकू नयेत म्हणून मधे मधे काड्या खोचायच्या. वादक दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसतात. पहिला एक सुरावट सम अंतरानं वाजवत राहतो. दुसरा आपली सुरावट बरोबर पहिल्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत बसवतो. एकाच उखळात दोन बायका आळीपाळीनं मुसळ घालतात तसं. लय एवढी चढी असते की ऐकणाऱ्याला दोघं वेगळे कळतच नाहीत. मग तिसरा येतो. त्याच्या वाट्याला फक्त सगळ्यांत उंच सुरांच्या दोन पट्ट्या. त्या दोघांच्या गुंत्यातून खालच्या दोन सुरांची जी नक्षी आपोआप तयार होते ती कानानं टिपून त्यानं वरच्या सप्तकात उचलायची. म्हणजे त्याला जे वाजवायचं ते कुणीच एकट्यानं वाजवलेलं नसतं. ऑस्ट्रियाचे अभ्यासक गेऱ्हार्ड कुबिक यांनी 1960च्या सुमारास याच गोष्टीवर महत्त्वाचं लिखाण केलं. पण ते आधी शिकले एव्हारिस्टो मुयिंडा यांच्या समोर बसून.

मुयिंडा हे या कथेतलं सगळ्यांत मोठं नाव. दरबारी वादक असूनही त्यांनी आपली विद्या दरबारापुरती ठेवली नाही. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले क्लाउस वाक्समान 1948 ते 1957 या काळात कंपालाच्या युगांडा म्युझियमचे प्रमुख होते. वाद्यं काचेच्या कपाटात ठेवून भागणार नाही, ती रोज वाजली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. मुयिंडा त्या म्युझियममध्ये वाजवत आणि येईल त्याला शिकवत. जुन्या जाणकारांना हे कितपत रुचलं असेल कोण जाणे. दरबाराची वाद्यं अशी कुणाच्याही हाती देणं म्हणजे मर्यादा मोडणंच होतं. आज मात्र असं दिसतं की राजवाडा पडल्यावरही जे शाबूत राहिलं त्यातलं बरंचसं या मर्यादाभंगामुळे राहिलं.

त्याच सुमारास आणखी एक माणूस मोटारीत ध्वनिमुद्रणाचं सामान घालून हा सगळा प्रदेश फिरत होता. ह्यू ट्रेसी. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कबाकाच्या दरबारात जाऊन एंतेंगा आणि अकादिंडा ध्वनिमुद्रित केले. 1954 साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेत स्थापन केलेलं आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संगीत संग्रहालय आज ऱ्होड्स विद्यापीठात आहे. वाक्समान यांची ध्वनिमुद्रणं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. म्हणजे संगीत युगांडाचं, ते ऐकायचं तर विमानाचं तिकीट काढा, असा प्रकार कित्येक वर्षं होता. अलीकडे ही चूक दुरुस्त होते आहे. मकेरेरे विद्यापीठात सिल्व्हिया नान्योंगा-तामुसुझा यांच्या पुढाकारानं वाक्समान यांच्याच नावाचा संग्रह उभा राहिला आणि ध्वनिमुद्रणांच्या प्रती मायदेशी आल्या.

प्रती आल्या, पण त्यानं एंतेंगा परत आला का? ध्वनिमुद्रणात सहा माणसांचा एकजीव नाद ऐकू येतो. कुणाच्या वाट्याला कुठले ढोल, उजवा हात कुठे, डावा कुठे, चाल कुणी सुरू करायची, दुसऱ्यानं कुठल्या क्षणी आत शिरायचं, हे तबकडी सांगत नाही. 1993 साली बुगांडाचं राज्य नामधारी स्वरूपात परत आलं, नवा कबाका गादीवर बसला, पण एंतेंगा वाजायला आणखी वीसेक वर्षं लागली. क्याम्बोगो विद्यापीठातले संगीतशिक्षक जेम्स इसाबिर्ये यांनी दरबारी पथकातल्या हयात असलेल्या एका वयोवृद्ध वादकाला गाठलं, ढोल नव्यानं घडवून घेतले आणि तरुण मुलं त्या म्हाताऱ्यासमोर बसवली. जुनी ध्वनिमुद्रणं होतीच. ती पडताळ्याला उपयोगी पडली. पण हात दाखवणारा माणूस आणखी काही वर्षं उशिरा शोधला असता तर? मग पंधरा ढोल आणि एक सुरेख तबकडी, एवढंच हाती उरलं असतं.

हेच इसाबिर्ये शेजारच्या बुसोगा राज्यातल्या बिग्वालासाठीही झटले. बिग्वाला म्हणजे लांबट भोपळ्यांच्या तुताऱ्या. एका तुतारीतून एकच सूर निघतो, त्यामुळे किमान पाच जण हवेत. प्रत्येकानं आपला सूर नेमक्या जागी फुंकायचा, मग चाल तयार होते. साथीला पाच ढोल. राज्याभिषेक आणि राजाची अंत्ययात्रा हे यांचे मानाचे प्रसंग. राज्य खालसा झालं तसे प्रसंग गेले. प्रसंग गेले तसा त्या जातीचा भोपळा लावायचंही लोकांनी सोडलं, कारण खायला तो काही कामाचा नाही. 2012 साली युनेस्कोनं बिग्वालाला तातडीनं जपण्याच्या परंपरांच्या यादीत घातलं, तेव्हा जाणते वादक चार उरले होते. चौघंही वृद्ध. पुनरुज्जीवनाचं काम म्हणून वेली लावण्यापासून सुरुवात करावी लागली. परिसंवाद भरवण्यापेक्षा हे काम मला कितीतरी मोलाचं वाटतं.

लाकडाचं आणि कातड्याचंही तसंच. कंपालाहून मसाकाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर म्पांबिरे हे ढोल घडवणाऱ्यांचं गाव लागतं. रस्त्याच्या कडेला ढोलांच्या उतरंडी. एका खोडातून आख्खा ढोल कोरायचा तर तेवढ्या घेराचं झाड लागतं आणि ते वाढायला माणसाच्या उमेदीची वर्षं जातात. एंगालाबी या उंच, हातानं वाजवायच्या ढोलाला परंपरेनं घोरपडीच्या जातीतल्या सरड्याचं कातडं चढवतात. त्याच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. संगीत वाचवायचं आणि सरडाही वाचवायचा, ही कसरत पुढे अवघड होत जाणार.

राजाश्रय तुटला की काय होतं ते बुगांडात दिसलं. सरकारनं फार घट्ट मिठी मारली की काय होतं ते बुरुंडीत दिसतं. तिथले राजढोल जगभर गाजलेले. मध्ये एक ढोल, भोवती अर्धवर्तुळात बाकीचे, संख्या नेहमी विषम. ज्वारीच्या पेरणीचा सण असो की राजाची अंत्ययात्रा, ढोलांशिवाय काही होत नसे. गितेगाजवळच्या गिशोरा इथं ढोलांचं पवित्र स्थान आजही आहे. राजेशाही 1966 साली संपली, पण ढोलकऱ्यांना नव्या प्रजासत्ताकानं राष्ट्राचं प्रतीक म्हणून उचललं. 1967 साली फ्रेंच अभ्यासकांनी केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण युरोपात पॉप संगीतवाल्यांच्या हाती लागलं. त्यावर गिटार आणि पियानो चढवून ‘बुरुंडी ब्लॅक’ नावाची तबकडी निघाली आणि खपली. जोनी मिचेलनं 1975च्या आपल्या एका गाण्याखाली तेच ढोल वापरले. 2014 मध्ये युनेस्कोची मान्यता आली. आणि 2017 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानं बायकांना ढोल वाजवायला बंदी झाली, शिवाय सरकारी समारंभ सोडून इतरत्र वाजवायचं तर मंत्रालयाची परवानगी हवी. परंपरा जपण्याच्या नावाखाली केलेली ही नाकेबंदीच म्हणायची.

सीमेपलीकडे रवांडात याच्या नेमकं उलट झालं. तिथंही ढोलाला बाईनं हात लावायचा नाही अशी रूढी होती. 1994च्या नरसंहारानंतर दहा वर्षांनी नाट्यकर्मी ओडिल गाकिरे कातेसे यांनी बुटारे गावात ‘इंगोमा न्श्या’ हे बायकांचं ढोलपथक काढलं. मारले गेलेल्यांच्या घरातल्या आणि मारणाऱ्यांच्या घरातल्या बायका एका रांगेत उभ्या राहून वाजवू लागल्या. पुढे याच पथकातल्या बायकांनी गावात आइस्क्रीमचं दुकान काढलं, कारण नुसत्या ढोलावर पोट भरत नाही. परंपरेच्या कसोटीवर हे पथक शुद्ध नाही हे उघड आहे. तरी माझं मत विचाराल तर ढोलाला नवा प्रसंग, नवं कारण मिळवून देणारं एवढं चोख काम या सगळ्या प्रदेशात दुसरं नाही. आणि बाईनं ढोल वाजवणं आफ्रिकी परंपरेत बसतच नाही म्हणणाऱ्यांनी टांझानियातल्या वागोगो लोकांकडे जावं. तिथं ‘मुहेमे’ हा प्रकार बायकाच वाजवतात, ढोल मांड्यांमध्ये धरून.

केनियाबद्दल थोडक्यात. पश्चिमेकडच्या इसुखा आणि इदाखो लोकांचं इसुकुटी हे तीन ढोलांचं वादन 2014 साली तातडीच्या यादीत आलं. नैरोबीचा ‘केतेबुल म्युझिक’ हा गट 2011 पासून ‘सिंगिंग वेल्स’ या उपक्रमात फिरता स्टुडिओ घेऊन गावोगाव ध्वनिमुद्रण करतो. काम चांगलंच आहे. पण इसुकुटीचा खणखणाट ऐकायचा तर एएफसी लेपर्ड्स या फुटबॉल संघाचा सामना गाठावा. प्रेक्षकांच्या सज्जात ते ढोल कुणाच्या अनुदानाशिवाय वाजतात.

टांझानियानं मार्ग निवडला तो शाळेचा. बागामोयो या किनाऱ्यावरच्या गावी 1981 साली कला महाविद्यालय निघालं आणि देशभरचे ढोल, नाच एका छताखाली शिकवले जाऊ लागले. त्यानं वादक तयार झाले. त्याबरोबर रात्रभर चालणारा नाच रंगमंचावर काही मिनिटांचा झाला, हेही खरं. युगांडाच्या शालेय स्पर्धांतही तसंच: कुठल्याही जमातीची मुलं कुठल्याही जमातीचा नाच बसवतात. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाकं मुरडतात. मला वाटतं, मुलांच्या हाताला कातडं लागतंय तोवर फार कुरकुर करू नये.

झांझिबारची गोष्ट आपल्या दाराशी येऊन पोचते. तिथल्या ताराब संगीताची पहिली मोठी गायिका सिती बिंती साद. 1928 साली ती आपल्या साथीदारांसह जहाजानं मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी तिनं स्वाहिली गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेत हातोहात खपल्या. पुढे मोंबासाच्या जुमा भालोसारख्या गायकांनी हिंदी चित्रपटांच्या चाली उचलून त्यांत स्वाहिली शब्द बसवले.

तेव्हा वाचकांना एक विनंती. नैरोबी, कंपाला, झांझिबार इथं नोकरी-धंद्याला गेलेली आणि युगांडातून 1972 साली झालेल्या आशियाईंच्या हकालपट्टीच्या आगेमागे परतलेली गोव्यातली, मुंबईतली, कच्छकडची कितीतरी घरं आहेत. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या जमवणारेही आपल्याकडे पुष्कळ. आपल्या पेटीत, माळ्यावर, चोरबाजारातल्या ढिगात स्वाहिली किंवा लुगांडा भाषेची तबकडी, राजवाड्यातल्या वादकांचा एखादा फोटो किंवा घरगुती चित्रफीत निघाली तर ती भंगारात घालू नका. तिची डिजिटल प्रत काढून मकेरेरे विद्यापीठाच्या संग्रहाकडे किंवा नैरोबीच्या केतेबुलकडे पाठवा आणि सोबत नाव, गाव, साल जे ठाऊक असेल ते लिहायला विसरू नका.