वाघाची वाट पाहणारा कॅमेरा

अचलपूर-परतवाड्याच्या उत्तरेला वऱ्हाडचे काळ्या मातीचे मैदान संपते आणि गाविलगडच्या डोंगररांगा सुरू होतात. या रांगांवरील सागवनात १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक होय. त्या जंगलातील पाऊलवाटांच्या आणि कोरड्या नाल्यांच्या कडेला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, झाडाच्या बुंध्याला आवळून बांधलेली विटेएवढी पेटी आढळते, तिला वनखात्यात ‘ट्रॅप कॅमेरा’ म्हणतात. समोरून जनावर गेले की कोणीही कळ न दाबता छायाचित्र घेणारी ही पेटी म्हणजे २००० नंतरच्या दशकात लग्नसमारंभांत आणि सहलींत खिशाखिशांतून मिरवलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचा रानात स्थायिक झालेला भाऊबंद आहे. खिशातला कॅमेरा मोबाइलने संपवला, रानातला मात्र टिकला आणि वाघ मोजण्याच्या शास्त्राचा कणा झाला. दोघांच्या नशिबांत एवढे अंतर का पडले हे समजण्यासाठी कॅमेरा छायाचित्र कसे घेतो यापेक्षा तो वाट कशी पाहतो याकडे लक्ष द्यावे लागते.

प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढून द्यावे ही कल्पना डिजिटल युगाच्या फार आधीची आहे. अमेरिकेतील मिशिगनच्या जंगलांत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाटेत तार ताणून आणि झगझगीत प्रकाशाची भुकटी पेटवून रात्री हरणांची छायाचित्रे मिळवली, आणि जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. भारतात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हेच तंत्र वाघासाठी वापरले; त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची ठेवण निराळी असते आणि छायाचित्रावरून विशिष्ट वाघ ओळखता येतो, हे चॅम्पियन यांच्या ध्यानात आले होते. मात्र त्यांची पेटी एका रात्री एकदाच प्रकाश पाडू शकत असे, कारण भुकटी जळून गेली की माणसाला पुन्हा तेथपर्यंत चालत जावे लागे. त्यामुळे पट्ट्यांवरून वाघ मोजण्याचा विचार पुढची सहा दशके कागदावरच राहिला.

या मधल्या काळात भारतात वाघ मोजले गेले ते त्यांच्या पायांच्या ठशांवरून. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत धुळीत उमटलेला ठसा काचेवर गिरवून कागदावर उतरवला जाई किंवा प्लास्टरमध्ये ओतून घेतला जाई, आणि त्याच्या आकारावरून वाघ वेगळा काढला जाई. १९७२ मध्ये देशभरातील वाघांचा १,८२७ हा आकडा याच मार्गाने आला. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत आणि भुसभुशीत धुळीत निराळा दिसतो, शिवाय ठसा कोणाचा हे ठरवणारी नजर माणसागणिक बदलते, हा या पद्धतीतला दोष होता. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाले, तेव्हा या पद्धतीवरचा विश्वास पुरता उडाला. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या चांदण्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राणी पाहण्याची प्रथा आजही चालू आहे. ती माणसांना जंगल दाखवण्यासाठी उत्तम असली तरी एका रात्रीत पाण्यावर आलेल्या प्राण्यांवरून जंगलातील एकूण वाघ सांगता येत नाहीत.

छायाचित्रांवरून एकूण संख्या कशी काढतात, हे मोजणीचे गणित येथे समजून घ्यावे लागते. एखाद्या जंगलात पहिल्या फेरीत २० निरनिराळ्या वाघांची छायाचित्रे मिळाली, दुसऱ्या फेरीतही २० मिळाली आणि त्यांतील १० पहिल्या फेरीत दिसलेलेच होते, असे मानले तर पहिल्या फेरीने एकूण वाघांपैकी साधारण निम्मे टिपले होते असा निष्कर्ष निघतो आणि जंगलातील वाघ ४० च्या आसपास ठरतात. प्रत्यक्षातील सूत्रे यापेक्षा बरीच गुंतागुंतीची असून कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्यापाशी किती वेळा आला हेही त्यांत धरले जाते, पण मूळ विचार हाच आहे. त्याला ‘पकड-पुनर्पकड’ पद्धती म्हणतात. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही पद्धत वाघांना लावून दाखवली आणि १९९५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे एकमेकांशी जुळत नसल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात, अन्यथा एका वाघाचे दोन वाघ होण्याचा धोका राहतो.

त्या वेळचे ट्रॅप कॅमेरे फिल्मवर चालत. बाजारात मिळणारा साधा छोटा कॅमेरा पेटीत बसवून त्याची कळ संवेदकाला, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या उपकरणाला, तारेने जोडलेली असे. एका रिळात ३६ छायाचित्रे मावत; रानडुकरांचा एखादा कळप किंवा वाऱ्याने हलणारी फांदी ती सगळी एका दुपारीच संपवू शके, आणि रीळ धुऊन येईपर्यंत कॅमेऱ्याने काय पाहिले हे कोणालाच कळत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली, पण लगेच नव्हे. पाठीमागे पडदा असलेला कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० हा छोटा कॅमेरा १९९५ मध्ये आला. त्याची चित्र टिपणारी चकती जेमतेम अडीच लाख बिंदूंची, म्हणजे पाव मेगापिक्सेलची होती. पुढच्याच वर्षी कॅननची पॉवरशॉट आणि सोनीची सायबरशॉट या मालिका सुरू झाल्या, आणि दरवर्षी मेगापिक्सेल वाढवण्याची शर्यत लागली. जंगलातल्या कामाच्या दृष्टीने मात्र या कॅमेऱ्यांचा मोठा दोष निराळाच होता, तो म्हणजे त्यांची झोप. सतत जागा ठेवला तर असा कॅमेरा काही तासांत सेल संपवून टाकी, आणि झोपवून ठेवला तर जागे होऊन, भिंग बाहेर काढून, नेम धरून चित्र घेईपर्यंत काही सेकंद जात. वाढदिवसाच्या केकसमोर उभ्या राहिलेल्या कुटुंबाला ते सेकंद जाणवत नाहीत. परंतु ताशी साडेचार किलोमीटर चालीने निघालेला वाघ एका सेकंदात सव्वा मीटर पुढे जातो, म्हणून तीन सेकंदांच्या उशिराने जागा झालेल्या कॅमेऱ्याला बहुतेकदा शेपटीचे टोक किंवा मोकळी वाट मिळते.

या अडचणीवर पहिला उपाय शोधला तो अमेरिकेतील हौशी मंडळींनी. हरणांच्या वाटांवर नजर ठेवू पाहणाऱ्या या शिकाऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी सायबरशॉट मालिकेतील पी-४१ आणि एस-६०० यांसारखे कॅमेरे उघडले, त्यांच्या कळांना बारीक तारा डाखल्या, त्या तारा स्वस्त संवेदकाच्या पट्टीला जोडल्या आणि सगळे पाणी न शिरणाऱ्या डब्यात बंद केले. हेच कॅमेरे निवडण्यामागे चित्राच्या गुणवत्तेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते लवकर जागे होतात हे कारण होते. पुढे कडबॅक, रिकॉनिक्स यांसारख्या कंपन्यांनी केवळ या कामासाठी कॅमेरे बनवले. त्यांनी पडदा, झूम, हलणारे भिंग आणि नेम धरण्याची यंत्रणा यांना फाटा दिला, कारण ठराविक अंतरावरच्या वाटेकडे पाहणाऱ्या डोळ्याला त्यांची गरज नसते. खिशातल्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत काहीतरी वाढत गेले, तर रानातल्या आवृत्तीत काहीतरी वगळले जात राहिले, आणि त्यातूनच सुमारे पाव सेकंदात चित्र घेणारा व महिनाभर सेलवर तगणारा कॅमेरा तयार झाला. जाहिरातींतील मेगापिक्सेलचे मोठे आकडे पुष्कळदा कॅमेऱ्यातील प्रणालीने मधले बिंदू अंदाजाने भरून फुगवलेले असतात. पट्टे ओळखण्यासाठी त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

पेटीत जागा असतो तो फक्त संवेदक, आणि त्याला लागणारी वीज नगण्य असते. प्रत्येक उष्ण वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण बाहेर पडतात. संवेदकात या किरणांना प्रतिसाद देणारे स्फटिकाचे दोन तुकडे शेजारी शेजारी असतात, आणि समोरून जाणाऱ्या जनावराची ऊब आधी एकावर व मग दुसऱ्यावर पडली की निर्माण होणारा विजेचा अल्पसा फरक कॅमेऱ्याला जागे करतो. म्हणजे संवेदक जनावर पाहत नाही, तर जनावर आणि त्यामागची जमीन यांच्या तापमानातील फरक पाहतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ही बाब फार महत्त्वाची ठरते. पारा ४५ अंशांकडे झुकतो, पानगळ झालेल्या सागाखालचा पाचोळा आणि खडक तापतात, तेव्हा जनावराची कातडी आणि मागची जमीन जवळजवळ सारख्याच तापमानाची होऊन संवेदकाला समोरून गेलेले जनावरही कळेनासे होते, आणि उलट तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी तो दचकतो. वाघ बहुधा संध्याकाळी, रात्री आणि पहाटे फिरत असल्याने हा दोष निभावून नेला जातो; तरीही उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे कॅमेऱ्याचे तोंड असू नये, समोरचे गवत छाटावे आणि वाटेपासून तीन-चार मीटरांवर बुंधा निवडावा, हे नियम याच भौतिकशास्त्रातून आलेले आहेत. डोंगराळ मुलखात तो बुंधा कोणता, वाघ कोणत्या सोंडेवरून उतरतो आणि कोणता नाला धरतो, हे सांगण्याचे काम मात्र कोणताही संवेदक करत नाही. ते ज्ञान बीटवरच्या वनरक्षकाकडे आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या कोरकू वनमजुराकडे असते.

रात्रीच्या प्रकाशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांनी चित्र घेतले तर प्राणी बुजत नाही, चोराला कॅमेरा सापडत नाही आणि सेलही वाचतात. पण असे चित्र कृष्णधवल असते आणि त्या मंद उजेडात कॅमेऱ्याची पापणी अधिक काळ उघडी राहिल्याने चालत्या वाघाचे पट्टे पुसट होतात. म्हणून वाघाची ओळख पटवायची असेल तेथे क्षणभर लखलखणारा पांढरा फ्लॅशच अधिक भरवशाचा ठरतो, मग एखादा वाघ त्या उजेडाने बिचकला किंवा ती वाट टाळू लागला तरी ती किंमत मोजावी लागते.

सरिस्काच्या धक्क्यानंतर २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत या कॅमेऱ्यांचा वाटा वाढत गेला. २०१८ च्या गणनेत दोन चौरस किलोमीटरच्या चौकटीमागे कॅमेऱ्यांची एक जोडी या हिशेबाने देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे जमली. जगातील सर्वांत मोठे ट्रॅप कॅमेरा सर्वेक्षण म्हणून गिनेस बुकाने तिची नोंद घेतली. या प्रचंड राशीत वाघांची छायाचित्रे होती ७६,६५१, म्हणजे साडेचारशे चित्रांमागे एक. हे निवडण्याचे काम माणसाच्या डोळ्यांवर सोडले असते तर पुढची गणना येऊन ठेपली असती. ते संगणक प्रणालींनी केले. त्यांतील एक प्रणाली चित्रातला प्राणी कोणता हे सांगते, तर दुसरी वाघाच्या शरीराच्या त्रिमितीय आकृतीवर पट्टे पसरवून दोन चित्रांतील वाघ एकच आहे का ते तपासते. महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, तो २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वर गेला. यातली काही वाढ वाघांची आहे आणि काही वाढ अधिक बारीक नजरेची असणार, हे हे आकडे वाचताना विसरता येत नाही.

बुंध्यावरची पेटी जनावर आणि माणूस असा भेद करत नाही, आणि या तंत्राची सर्वांत कमी चर्चिलेली बाजू हीच आहे. मोहफुले, तेंदूपाने किंवा सरपण यांसाठी जंगलात जाणाऱ्या माणसाचे चित्रही त्याच मेमरी कार्डावर उतरते. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरात असे कॅमेरे गावकरी स्त्रियांवर दहशत बसवण्याचे साधन बनल्याचे केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडले. तेथील स्त्रियांना जंगल हे घराबाहेर मोकळेपणाने बोलण्या-गाण्याचे ठिकाण होते आणि कॅमेरे आल्यावर त्यांचा आवाजच बसला, असे त्यात नोंदवले आहे. मेळघाटासारख्या, जंगलाच्या पोटात गावे असलेल्या प्रदेशात माणसांच्या चित्रांचे काय करायचे, ती कोण पाहणार आणि कधी पुसणार, हा प्रश्न वाघ ओळखण्याच्या तंत्राइतकाच काटेकोरपणे हाताळला जायला हवा.

दरम्यान खिशातल्या कॅमेऱ्याचा बाजार आटला. भिंग न बदलता येणारे असे छोटे कॅमेरे २०१० मध्ये जगभरात १० कोटींहून अधिक विकायला बाहेर पडले होते; २०२३ मध्ये ती संख्या २० लाखांच्याही खाली आली. मोबाइलने त्यांची जागा घेतली, पण महिनाभर झाडाला बांधून राहण्याचे काम मोबाइलला जमणारे नव्हते. ट्रॅप कॅमेऱ्यात मात्र मोबाइलचे अंग आता शिरू लागले आहे. मध्य प्रदेशातील कान्हा-पेंच भ्रमणमार्गावर २०२२ पासून तपासल्या गेलेल्या ‘ट्रेलगार्ड’ या कॅमेऱ्यात प्राणी ओळखणारी प्रणाली पेटीतच बसवलेली असून वाघ दिसताच त्याचे चित्र मिनिटभरात वनाधिकाऱ्याच्या फोनवर पोचते, त्यामुळे गावाजवळ वाघ आल्याची सूचना वेळेत देता येते. ही सोय मोबाइलच्या जाळ्यावर अवलंबून आहे, आणि मेळघाटातील अनेक गावांत ते जाळे अजून तोकडे आहे. तेथे कार्ड काढण्यासाठी आणि सेल बदलण्यासाठी माणूस आजही घाट चढून पेटीपर्यंत चालत जातो.