म्हसवडचीं जुनीं स्थळें : पाहाणें आणि जपणें

साताऱ्याहून पंढरपुराकडे जाणारा रस्ता पुसेगांव ओलांडून पूर्वेस उतरूं लागला कीं मुलखाचें रूप पालटतें. महाबळेश्वराच्या माथ्यावर जो पाऊस कोसळतो, त्याचा दहावा हिस्साही या बाजूस पडत नाहीं. उघडे माळ, बाभळी आणि बोरी, खिलारी बैल, मेंढरांचे कळप आणि उत्तरेस शंभुमहादेवाच्या डोंगरांची सलग रांग : हा माणदेश. कुळकजाईच्या डोंगरांत उगम पावणारी माण नदी, जिला लोक माणगंगा म्हणतात, या मुलखांतून वाहात जाऊन सरकोलीजवळ भीमेस मिळते. तिच्याच कांठीं, साताऱ्यापासून सुमारें ९० किलोमीटरांवर, म्हसवड वसलें आहे.

या गांवीं पाहाण्यासारखें काय आहे, असें परगांवच्या माणसानें विचारलें तर एका शब्दांत उत्तर मिळतें : सिद्धनाथ. उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. म्हसवड व त्याचा परिसर मिळून तीन प्रकारचीं जुनीं स्थळें आहेत. एकाची रोज पूजा होते. दुसऱ्याची केवळ आठवण उरली आहे. तिसरें रोज उपयोगांत आहे, आणि म्हणूनच त्याला कोणी ऐतिहासिक म्हणत नाहीं. तिन्हींचें जतन व्हावयास हवें. परंतु तें एकाच रीतीनें होत नाहीं, आणि ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळेंच महाराष्ट्रांत पुष्कळ चांगल्या हेतूंनीं पुष्कळ नासाडी झाली आहे.

पहिलें स्थळ अर्थात् सिद्धनाथाचें देऊळ. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी हीं म्हसवडचीं ग्रामदैवतें, आणि दूरदूरच्या अनेक कुळांचीं कुलदैवतें. कार्तिकांत देवाचा विवाहसोहळा होतो आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस रथ निघतो. जाड दोरांनीं ओढला जाणारा तो लांकडी रथ, गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि ‘चांगभलं’चा गजर हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें तो तें विसरत नाहीं. रथाचा मान परंपरेनें राजेमाने घराण्याकडे आहे. पाहुण्यास ही केवळ यात्रेची शोभा वाटेल. पण जतनाच्या दृष्टीनें पाहातां तिच्यांत एक शहाणपण आहे. रथ दरसाल चालावयाचा, म्हणून त्याचीं चाकें, कणे व सांधे यांकडे दरसाल पाहावेंच लागतें. जी वस्तु वापरांत राहाते, तिची दुरुस्ती होत राहाते, आणि ती दुरुस्ती करणाराची विद्याही टिकते. अजबखान्यांत ठेवलेल्या रथास हें भाग्य लाभत नाहीं.

परंतु वापर जसा तारतो तसा मारतोही. जुन्या दगडी देवळांवर आज जें संकट आहे तें परकीय स्वारीचें नव्हे, जीर्णोद्धाराचें आहे. हें विधान धाडसाचें वाटेल, म्हणून त्याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे.

दगडी बांधकामाचा खरा शत्रु पाणी. पाऊस छपरांतून झिरपतो, जमिनीची ओल पायांतून वर चढते. जुन्या गवंड्यांनीं दरजांत चुना भरला, तो केवळ दुसरें कांहीं मिळत नव्हतें म्हणून नव्हे. चुन्याला बारीक छिद्रें असतात; भिंतींत शिरलेली ओल त्यांतून हळूहळू बाहेर पडते व उडून जाते. भिंत किंचित् हालली तरी चुना तेवढा हालतो. सिमेंट याच्या उलट. तें घट्ट आणि ताठ असतें. त्यानें दरजा बुजविल्या कीं ओल आंत कोंडली जाते आणि मग दगडांतून वाट काढूं लागते. तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाजवळ साचतात, त्यांचे खडे बनून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. दहा-पंधरा वर्षांनीं लोक म्हणतात, “दगडच कच्चा होता.” दगड कच्चा नसतो; त्याचा श्वास बंद केलेला असतो.

तैलरंगाचेंही तसेंच. खांबास पिंवळा, कोनाड्यास निळा, मूर्तीच्या चौकटीस सोनेरी रंग दिला कीं देऊळ दोन वर्षें उजळ दिसतें. पण टांकीच्या खुणा, झिजलेलीं अक्षरें, कारागिरांच्या खुणा यांवर पडदा पडतो. पुढें तो रंग काढण्यासाठीं कोणी वाळूचा झोत सोडतो किंवा तारेचा ब्रश चालवितो, आणि शेंकडों वर्षें टिकलेली दगडाची वरची कठीण साय एका दिवसांत जाते. चकचकीत फरशी बसवितांना जमिनीची पातळी वीतभर वर येते. खांबांचे तळखडे गाडले जातात आणि पावसाचें पाणी बाहेर जाण्याऐवजीं आंत वळतें. यांतील एकही गोष्ट कोणी वाईट बुद्धीनें करीत नाहीं. देणगी देणाराची श्रद्धा खरी असते, विश्वस्तांची तळमळ खरी असते. उणीव असते ती माहितीची.

ही उणीव भरून आली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण म्हसवडहून फार दूर नाहीं. पंढरपूर येथें विठ्ठल-रुक्मिणी मंदिरांत २०२४ सालीं जतनाचें काम चाललें असतां मागाहून बसविलेल्या फरशा आणि रंगाचे थर काढण्यांत आले, तेव्हां मूळ दगडी काम पुन्हां दृष्टीस पडलें. आणि मे महिन्याच्या अखेरीस फरशीखालीं एक तळघर सांपडून त्यांत जुन्या मूर्ति मिळाल्या. त्यापूर्वीं २०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा हजार किलोहून अधिक भार उतरविण्यांत आला आणि देवीचें मूळ रूप प्रकट झालें. दोन्हीं ठिकाणीं भाविकांची रीघ कमी झाली नाहीं. जुनें रूप उघडें केल्यानें देवाचें महत्त्व उणें होतें ही भीति यामुळें खोटी ठरली आहे.

देवळाकडून गांवाबाहेर पडतांना प्रवाशाची नजर आणखी एका गोष्टीकडे वळावी. माणदेशांत वेशीपाशीं, ओढ्याच्या कांठीं, जुन्या देवळांच्या आवारांत कोरीव शिळा उभ्या किंवा आडव्या पडलेल्या आढळतात. कोणी त्यांस शेंदूर फांसतो, कोणी त्यांवर धुणें आपटतो. हे वीरगळ. ते वाचण्यास लिपि यावी लागत नाहीं; खालून वर पाहात जावें एवढेंच. सर्वांत खालच्या चौकटींत वीर लढत असतो किंवा पडलेला असतो; तेथें गाई कोरलेल्या असल्या तर तो गांवचीं गुरें सोडवितांना कामास आला असें समजावें. मधल्या चौकटींत अप्सरा त्यास वर नेतात. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ति. कोपरांत वांकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती शिळा सतीची. बहुतेक वीरगळांवर नांव नसतें. ज्या जागीं तो उभा आहे ती जागाच त्याचें नांव सांगते : ही वेस, हा ओढा, येथील गुरें. म्हणून शोभेसाठीं तो उचलून बागेंत नेला कीं मजकुराचा अर्धा भाग पुसला जातो. हलविणें अटळच असेल तर आधीं त्याचें छायाचित्र घ्यावें व जागा आणि तोंडाची दिशा लिहून ठेवावी.

दुसऱ्या प्रकारचें स्थळ म्हणजे आठवणीचें, आणि म्हसवडच्या वांट्यास आलेली आठवण सोपी नाहीं. म्हसवडची देशमुखी माने घराण्याकडे होती. याच घराण्यांतील नागोजी माने यांच्या हातून जून १६९७ मध्यें सेनापति संताजी घोरपडे मारले गेले. त्याआधीं दीड वर्षांवर, १६९५ च्या अखेरीस, याच संताजींनीं दोड्डेरी येथें कासिमखानाची फौज कोंडून बुडविली होती, आणि १६९६ च्या आरंभीं बसवपट्टणजवळ हिंमतखान त्यांच्याशीं लढतांना पडला होता. पुढें छत्रपति राजाराममहाराज आणि धनाजी जाधव यांच्याशीं त्यांचें बिनसलें. नागोजींचे मेहुणे अमृतराव निंबाळकर यांस संताजींनीं हत्तीच्या पायीं दिलें होतें, त्याचा सूड म्हणून ही हत्या झाली, असें तत्कालीन वृत्तांतांवरून सांगतात. संताजींचें शिर मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीस औरंगजेबाच्या छावणींत पोंचलें. हत्येच्या जागेविषयीं व तपशिलाविषयीं वृत्तांतांत एकवाक्यता नाहीं. परंतु शंभुमहादेवाच्या डोंगरांत, म्हसवडच्या बाजूस असलेल्या कारखेल येथें संताजींची समाधि दाखवितात, आणि दुसरी समाधि कुरुंदवाडास आहे.

अशा आठवणीचें काय करावें? एक मार्ग विसरण्याचा, दुसरा मार्ग शिव्याशाप देण्याचा. दोन्हीं मार्ग इतिहासाचे नव्हेत. एका घटनेनें साऱ्या घराण्याचा मान किंवा अपमान ठरत नाहीं. तीनशें वर्षांनंतरच्या वंशजांस तिचा जाब विचारणें तर सर्वथा अन्यायाचें. परंतु ज्या फुटीमुळें स्वराज्याचा एवढा सेनापति आपल्याच माणसाच्या हातून गेला, ती फूट मुलांस सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयास कारखेलच्या माळासारखी दुसरी शाळा नाहीं. तेथें भव्य बांधकामाची गरज नाहीं. स्वच्छ वाट, सांवलीचीं चार झाडें, आणि वृत्तांतांत जें निश्चित आहे तें व जें वादग्रस्त आहे तें वेगवेगळें सांगणारा एक फलक, एवढें पुरे आहे. स्मारक वाढवितांना मूळ चौथरा झांकून टाकला तर आठवण मोठी होत नाहीं, तिचा पुरावा मात्र जातो.

तिसरें स्थळ पाण्याचें. या कोरड्या मुलखांत पाणी साठविणें हें नेहमींच मोठें पुण्यकर्म मानलें गेलें. उत्तरेस शिखर शिंगणापुरास, जेथें चैत्रांत मुंगी घाटानें कावडी चढतात, मालोजीराजे भोसल्यांनीं बांधविलेला तलाव आहे. पण याहून कितीतरी मोठें जलस्थापत्य म्हसवडलाच लागून आहे. लोक त्यास राजेवाडीचा तलाव म्हणतात. सरकारी दप्तरांत तें म्हसवडचें धरण. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून हें हातीं घेण्यांत आलें आणि १८८७ च्या सुमारास पुरें झालें. मातीचा हा बांध सुमारें २४ मीटर उंच आणि जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे.

त्या काळीं दुष्काळी कामांवर मजुरी किती होती? १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांत जो दर लागू झाला त्याप्रमाणें पुरुषास दिवसाकांठीं एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर माती वाहाणारास हें पुरत नाहीं, अशी तक्रार पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारदरबारीं मांडली होती. बांधावर उभें राहून पाहाणारानें हा हिशेब मनांत धरावा, म्हणजे ती नुसती मातीची टेंकडी वाटणार नाहीं. १९४९ सालीं साताऱ्यांतून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. राजेवाडी सांगलींत गेली आणि म्हसवड साताऱ्यांत राहिलें. पण एकाच तलावाचें पाणी पुढें आटपाडी व सांगोल्याकडच्या शेतांस जातें.

या स्थळाचें जतन म्हणजे त्याची रोजची निगा. मातीच्या बांधावर मोठीं झाडें वाढूं द्यावयाचीं नसतात, कारण मेलेलीं मुळें पाण्यास वाट देतात. उंदीर-घुशींचीं बिळें वेळच्या वेळीं बुजवावीं लागतात. पाण्याच्या बाजूस लाटांच्या माऱ्यापासून रक्षणार्थ बसविलेले दगड कोणीं घरच्या पायासाठीं उचलून नेले तर धूप तेथूनच सुरू होते. सहलीस आलेल्या माणसानें बांधावरून गाडी न नेणें हेंही जतनच होय.

दगडमातीबरोबर कागदही आठवावेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला, तो साताऱ्याच्याच मुलखांत, वाईस सांपडलेल्या कागदांच्या बळावर. जुन्या वाड्यांच्या माळवदाखालीं अजूनही मोडी कागदांचीं गांठोडीं असूं शकतात. माळवद गळूं लागलें कीं पहिला बळी त्यांचा पडतो. वाटणी झाली कीं दुसरा, रद्दीवाल्याच्या हातीं. ज्याच्या घरीं असा कागद असेल त्यानें तो कोरड्या जागीं ठेवावा, त्याचीं छायाचित्रें घ्यावींत आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून हें कार्य करणाऱ्या संस्थेस दाखवावा. दाखविणें म्हणजे देऊन टाकणें नव्हे.

कायदा याबाबतींत कितपत साह्य करतो? प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा १९०४ सालीं झाला. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा १९५८ सालीं आणि महाराष्ट्राचा १९६० सालीं आला. १८७८ च्या कायद्यान्वयें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. परंतु स्मारकांचे कायदे मुख्यतः जीं स्थळें संरक्षित म्हणून जाहीर झालीं त्यांसाठीं आहेत. वेशीवरचा वीरगळ, पडका वाडा, बारव, समाधीचा चौथरा यांतील बहुतेक त्या यादींत नसतात. त्यांचा पहारेकरी गांवच असतो : नगरपालिका, देवस्थान, शाळा आणि शेजारचें घर.

म्हणून या बाजूस जाणाऱ्या कुटुंबानें पावसाळा संपल्यावर दोन दिवस काढून यावें. पहिल्या दिवशीं सकाळीं सिद्धनाथाचें दर्शन, मग गांवांतील जुन्या भिंती व शिळा, आणि उन्हें उतरल्यावर राजेवाडीचा बांध. दुसऱ्या दिवशीं कारखेल आणि शिंगणापूर. मुलांजवळ एक वही द्यावी. पाहिलेल्या प्रत्येक शिळेचें रेखाचित्र, जागा आणि गांवच्या वृद्धानें सांगितलेली हकीकत तींत उतरून घ्यावी. अक्षरें स्पष्ट दिसावींत म्हणून खडू किंवा तेल लावूं नये. सकाळीं वा सायंकाळीं तिरपें ऊन पडलें म्हणजे तीं आपोआप उठून दिसतात. एका पिढीनें अशा वह्या जपल्या तर पुढच्या पिढीस, एखादा दगड जागेवरून नाहींसा झाला तरी, तो कोठें होता आणि काय सांगत होता हें निदान कळेल. आणि ज्या गांवास हें ठाऊक असतें, तेथून दगड सहसा नाहींसे होत नाहींत.