शाळेचं स्वराज्य (लेखांक ७) : पट वाढला की सभेचं काय होतं?

गेल्या आठवड्यात आपण इंग्लंडमधल्या समरहिल शाळेची सभा पाहिली. लहानग्या पोराचं एक मत आणि मुख्याध्यापकांचंही एकच मत, हा तिथला नियम. तो वाचून कुणीही शिक्षक जो प्रश्न पहिल्यांदा विचारेल, तोच आज घेऊ. समरहिलचा पट शंभराच्या आसपास. आपल्याकडे पाचवी ते दहावी, इयत्तेला चार तुकड्या, तुकडीत साठ मुलं धरली, तरी आकडा दीड हजाराच्या घरात जातो. एवढ्यांची सभा भरवायची कुठे, आणि तीत बोलायचं कुणी?

आपल्या अनेक हायस्कुलांनी याचं उत्तर शालेय मंत्रिमंडळात शोधलं आहे. शाळा सुरू झाली की निवडणूक लागते. उमेदवारी अर्ज, चिन्हं, बोटाला शाई, मतमोजणी, सगळं यथासांग. मुख्याध्यापक शपथ देतात, फोटो स्थानिक पेपरात येतो. मग वर्षभर मुख्यमंत्री परिपाठाच्या रांगा सरळ करतो आणि आरोग्यमंत्री नखं तपासतो. मत कसं द्यायचं हे मुलं शिकतात. निवडून आल्यावर ठरवायचं काय, हे शिकायची वेळच येत नाही, कारण ठरवण्याजोगं काही त्यांच्या हाती दिलेलंच नसतं.

पट मोठा आहे म्हणून हे असंच चालायचं का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दोन शेजारच्या गावांनी या प्रश्नाशी झटापट केली आहे. दोघांची उत्तरं वेगळी निघाली.

पहिलं गाव केंब्रिज. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग मुलांचा नैतिक विचार कसा घडत जातो याचा अभ्यास करत होते. १९६९ मध्ये इस्रायलमधल्या किबुत्झ या सामुदायिक वस्तीवरची मुलांची सामूहिक जीवनपद्धती पाहून ते परतले. नीती फळ्यावर शिकवून येत नाही, तिला साजेसं जगणं शाळेतच उभं करावं लागतं, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९७४ मध्ये केंब्रिजच्या सरकारी हायस्कूलच्या पोटात ‘क्लस्टर स्कूल’ नावाची छोटी शाळा सुरू झाली. मुलं साठ-सत्तर, काळी-गोरी, सुखवस्तू आणि कामगार वस्तीतली, सगळी मिसळलेली. मोठ्या शाळेचा पट कमी करणं कुणाच्या हातात नव्हतं. म्हणून तिच्यातच सभेला झेपेल एवढा एक तुकडा वेगळा काढला.

सुरुवातीलाच फजिती झाली. दुपारचे तास ऐच्छिक करावेत असा ठराव एका मुलाने मांडला आणि तो भराभर मंजूरही झाला. शाळेत किती वेळ बसायचं हे राज्याचा कायदा ठरवतो, ते आपल्या हाती नाही, हे मोठ्यांना मागाहून सांगावं लागलं. झालेलं मतदान मग फक्त कल आजमावण्यापुरतं होतं, अशी सारवासारव झाली. यातून मिळालेला धडा कुठल्याही शाळेच्या कामाचा आहे. सभेच्या अधिकाराची हद्द मतदानाआधी आखायची असते. निकाल लागल्यावर ती आखली, तर आपल्याला बनवलं असंच मुलांना वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

दुसरा प्रसंग या शाळेवर लिहिलेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा येतो. एका मुलीच्या पर्समधून ९ डॉलर गेले. कबूल व्हायला कुणी तयार नाही. सभा बसली. चोरी करू नये हा नियम आधीपासून होताच, शिक्षाही ठरलेली होती. पण चोर सापडल्याशिवाय शिक्षा करायची कुणाला? तेव्हा प्रत्येकाने १५ सेंट काढून तिचे पैसे भरून द्यावेत असा प्रस्ताव आला. काहींनी हरकत घेतली: मी घेतले नाहीत, मी का भरू? पर्स तिने सांभाळायला हवी होती. त्यावर दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की आपल्यात चोरी होऊ शकते हा दोष सगळ्यांचा आहे. अखेर वर्गणीचा ठराव मंजूर झाला. त्यानंतर शाळेतल्या चोऱ्या थांबल्या, असं कोलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं आहे. ठराव वर्गशिक्षकांनी काढला असता तर तो निव्वळ दंड झाला असता. मुलांनी वाद घालून, नाइलाजाने का होईना, स्वतःवर लादून घेतला, म्हणून त्याचं वजन वेगळं.

अशी सभा आपोआप रंगत नाही. आठवड्याच्या सभेत जो विषय येणार, तो आधी छोट्या गटांत चर्चेला जाई. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक असे. मोठ्या सभेत ज्याचं तोंड उघडत नाही, तो दहा-बाराजणांत बोलतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं म्हणणं सभेत कुणीतरी मांडतंच. बेशिस्तीची प्रकरणं पाहणाऱ्या समितीतही या गटांमधूनच मुलं येत. सभा ही खरं तर शेवटची पायरी. शिजवण्याचं काम गटांत झालेलं असे.

पण ही शाळा १९७९ मध्ये बंद झाली. दर आठवड्याला तासन् तास चालणाऱ्या सभा, त्यांची तयारी, वर शिकवणं, यात शिक्षक दमतात. शिवाय ही रीत मोठ्या संख्येला पेलत नाही. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलमधल्या पर्यायी शाळेनेही कोलबर्गांचाच मार्ग धरला. ती टिकली, पण तिने पट मुद्दाम शंभराच्या आत ठेवला. थोडक्यात, हे उत्तर खरं आहे, पण थोड्यांपुरतं.

दुसरं गाव ब्रुकलाइन. न्यू इंग्लंडमध्ये गावाचा कारभार सगळ्या मतदारांच्या सभेत चालवण्याची जुनी परंपरा आहे, आपल्या ग्रामसभेसारखी. वस्ती वाढली आणि ती सभा एका सभागृहात मावेना. तेव्हा १९१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वांत आधी ब्रुकलाइनने प्रतिनिधींची सभा स्वीकारली. पुढे १९८० च्या दशकात तिथल्या हायस्कूलनेही तीच वाट धरली. पट दोन हजारांच्या घरातला. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या प्रतिनिधींची एक सभा शाळेचे नियम करू लागली, आणि मुख्याध्यापकांनी नकाराधिकार आपल्याकडे ठेवला.

इथे नकाराधिकार ऐकून नाक मुरडण्याचं कारण नाही. आग, अपघात, कायदा, पालकांची तक्रार, सगळं शेवटी मुख्याध्यापकांच्या गळ्यात येतं. प्रश्न एवढाच की नकार उघड दिला जातो का, आणि कारणासकट दिला जातो का. ‘ठराव पास झाला, पण वरून मान्यता आली नाही’ एवढंच कानावर आलं, तर पुढच्या वर्षी उभं राहायला कुणी शहाणा मुलगा तयार होणार नाही.

प्रतिनिधींच्या सभेची खरी उणीव दुसरीच आहे. निवडून आलेली पन्नास-साठ मुलं शिकतात. उरलेल्यांना सभा झाली हेही कळत नाही. शिवाय निवडून येतात ती बहुधा बोलकी, हुशार, शिक्षकांच्या मर्जीतली. नऊ डॉलरच्या सभेत कोपऱ्यातून ‘मी का भरू?’ असं विचारणारा मुलगा या सभेपर्यंत पोचतच नाही. आणि वाद घालायचा तर त्याच्याशीच घालायला हवा.

म्हणून वाढत्या शाळेने यांतला एक मार्ग निवडायचा नसून दोन्ही जोडायचे असतात. साठ मुलांची तुकडी म्हणजे जवळजवळ आख्खं क्लस्टर स्कूलच. आठवड्यातून एक तास वर्गसभेला दिला, तर चोवीस तुकड्यांत चोवीस सभा भरतात. त्यांचे प्रतिनिधी महिन्यातून एकदा शाळेच्या सभेत बसतील, पण वर्गाचं म्हणणं घेऊन जातील आणि झालेला निर्णय वर्गात परत येऊन सांगतील. हा परतीचा फेरा आपल्या मंत्रिमंडळांत मुळीच नसतो.

याच्या जोडीला हाती खरं काम हवं. त्याचा दाखला आपल्या वर्ध्यातच आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवणारी शाळा चालवली. तिथे मुलं मंत्री निवडत आणि मंत्र्यांना आमसभेपुढे कामाचा हिशेब द्यावा लागे. सफाई आणि स्वयंपाक या कामांचा भार मुलांवर होता. आमटी कमी पडली तर जाब विचारायला पंगतच समोर बसलेली. तिथलं मंत्रिपद नावापुरतं राहणं शक्यच नव्हतं.

आपल्या हायस्कूलला स्वयंपाकघर नसेल, पण ग्रंथालयाची वेळ आहे, मैदानाचं वेळापत्रक आहे, सहलीचं ठिकाण, स्नेहसंमेलनाचा खर्च, मधल्या सुट्टीतली भांडणं आहेत. यांतलं काय पूर्णपणे मुलांचं, कशात त्यांचा सल्ला घेणार आणि काय त्यांच्या कक्षेबाहेरचं, याची एक पानी यादी जूनमध्येच सूचनाफलकावर लावावी. पहिल्या रकान्यात दोनच गोष्टी असल्या तरी चालतील, पण त्या मागाहून काढून घेऊ नयेत. स्नेहसंमेलनाचे दहा हजार रुपये मुलांच्या हाती दिले आणि त्यांनी ते मांडवावर उधळले, तर पुढच्या वर्गसभेत त्याचा हिशेब मागणारीही मुलंच असतील.

पुढच्या लेखांकात : नियम मुलांनी केला, तो मोडला तर न्याय कुणी करायचा? विद्यार्थी न्यायमंडळं कुठे यशस्वी झाली आणि कुठे ती मोठ्यांपेक्षाही कठोर निघाली, ते पाहू.