दान पडलं, डोकं चाललं

ताथवड्यात इंजिनीअरिंग आणि मॅनेजमेंट कॉलेजांची दाटी आहे. पण पदवी हाती आल्यावरचं शिकणं? त्यातलं बरंचसं चक्क खेळून होतं.

नावावर जाऊ नका. एमबीएच्या वर्गांत जगभर खेळला जाणारा 'बिअर गेम' 1960च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मला. घोटभरही काही मिळत नाही. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 खोके. मध्येच ती 8 होते आणि शेवटपर्यंत 8च राहते. तेवढ्यावर सगळे घाबरतात, जादा ऑर्डरी सोडतात, माल उशिरा येतो, आणि अखेरीस गोदाम ओसंडून वाहतं. खेळ संपला की प्रत्येक जण गिऱ्हाइकाला दोष देतो. मग कळतं, ते बिचारं एकदाच हललं होतं! चाकणच्या एखाद्या व्हेंडरला हे सांगा. तो म्हणेल, यात खेळ कसला, हा तर आमचा मार्च एंड.

आकडे शोधा. कामाची जागा नीटनेटकी ठेवायला शिकवणाऱ्या 'फाइव्ह एस'च्या ट्रेनिंगमधला हा लाडका खेळ. कागदभर आकडे विखुरलेले, त्यातले 1 ते 49 क्रमाने खोडायचे, तेही घड्याळ लावून. भलेभले अडखळतात. पुढच्या फेरीत नको ते आकडे काढलेले, मग चौकटी आखलेल्या, मग सगळे ओळीत. शेवटी दोन आकडे मुद्दाम गायब केलेले असतात, ते झटक्यात ध्यानात येतात. टूल बोर्डवर पान्याची आकृती का रंगवतात, हे मग सुपरवायझरला सांगावं लागत नाही.

टेल्कोतला खेळणीवाला. आयआयटी कानपूरचे अरविंद गुप्ता पुण्यात ट्रक बनवणाऱ्या टेल्कोत लागले. 1978 मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान प्रकल्पात गेले, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार करू लागले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हटत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का, हे बोटांना कळतं. 2018 मध्ये पद्मश्री. ट्रक बनवणारे पुष्कळ होते, हे बरंच झालं म्हणायचं.

साहेब, ट्रेनिंग चालू आहे. 1990 मध्ये विंडोज 3.0 सोबत सॉलिटेअर आला. पत्ते सरकवता सरकवता जगभरचे कारकून माउसने ड्रॅग करायला शिकले.

शेजारच्या आळंदीचा पट. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे.

गोल पत्ते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. पाच रंगांत दश्शी एक्क्याहून मोठी, उरलेल्या पाचांत उलटं. शिवाय दिवसा खेळ असेल तर उतारी रामवाल्याची, रात्री कृष्णवाल्याची. सुडोकूवाल्यांनी एकदा बसून दाखवावंच.