जुना संगणक, आपल्या सोयीचा डेस्कटॉप

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या सुप्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, भाडेकरार अशी कामं करणारी दुकानं लागतातच. तिथला संगणक बहुधा जुना असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक धडधाकट यंत्रं बाद ठरली. ती भंगारात काढण्याची घाई करू नका.

पडद्यावरची पट्टी, मेनू, चिन्हं आणि खिडक्या मिळून डेस्कटॉप होतो. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घेतली, तर तो आपल्याला निवडता येतो. त्यातला ग्नोम हा डेस्कटॉप देखणा आहे, पण जास्त मेमरी खातो. १९९६ पासूनचा एक्सएफसीई साधा आणि हलका आहे. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. ती पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता सगळं पारखून बघता येतं.

पसंत पडलं, तर ती आवृत्ती संगणकावर बसवा आणि मांडणी कामाप्रमाणे करा. रोज लागणारे ब्राउझर, स्कॅनर आणि पीडीएफ वाचक पट्टीवर ठेवा, बाकीचं मेनूत राहू द्या. चष्मा लागलेल्यांनी ‘अपिअरन्स’मध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवावा. डोळ्यांवरचा ताण लगेच हलका होतो.

मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडा आणि भाषा बदलायची कळ ठरवून टाका. यात स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. इंग्रजी एम, जी, एच, ई या कळा ओळीने दाबल्या की ‘सुपा’ उमटतं. जोडाक्षरासाठी मध्ये डी दाबायची. हीच मांडणी विंडोजवरही मिळते, त्यामुळे बोटांना लागलेली सवय वाया जात नाही.

मात्र बदल करण्याआधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का, हे तपासा. यातलं एखादं अडलं, तर विंडोज काढू नका. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवता येतात, पण सपोर्ट संपलेल्या विंडोजवर इंटरनेटचे व्यवहार टाळा.

गावातल्या दुकानदाराला नव्या यंत्राचा खर्च सहज झेपत नाही. हातातलं यंत्र आपल्या भाषेत, आपल्या कामाच्या क्रमाने लावून घेण्याची मुभा त्याला आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही. गावोगावच्या संगणक वर्गांनी एमएस-ऑफिसच्या जोडीला एवढंही शिकवायला हवं.