हात विसरत नाही, खांदा दमतो
हुडकेश्वरच्या एखाद्या गृहस्थाने शाळेत शिकलेली लाठीकाठी चाळिशीत पुन्हा हाती घेतली, तर फिरकी बहुधा लवकर जमते. अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदू वर्षानुवर्षे जपतो. दमसास मात्र सराव सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांतच घटू लागतो. पुन्हा सुरुवात केली की स्नायू लवकर सावरतात. त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना अधिक वेळ लागतो. जुन्या जोमाने काठी फिरवली की खांदा, कोपर दुखावतात ते यामुळेच.

जपानी केंडोतले मुरलेले खेळाडूही बांबूच्या तलवारीचे साधे वार पुन्हा पुन्हा घोटतात. परतणाऱ्यानेही नवशिक्यासारखे हलकी काठी घेऊन, एक दिवसाआड, दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात सराव पहाटेच बरा. दुखणे आठवडाभर टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले, तर लगेच.